उत्तर जपानला निघालेल्या भाचीस

पुणे, १२ सप्टेंबर

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन तोहोकुला जायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. पण सात दिवसांच्या यादीत तू सहाही प्रांत घातले आहेस, वर समुद्राखालच्या बोगद्यातून हाकोदातेला जाऊन यायचंही आहे. यातली निम्मी नावं खोडून टाक. शिन्कान्सेन ताशी ३२० किलोमीटरनं धावते, म्हणून आपणही धावायचं का? तोक्योहून शिन-आओमोरी साधारण सव्वातीन तासांत येतं. तिथून डोंगरात शिरायला मात्र दिवसाला मोजक्याच बस असतात, आणि तुम्ही ज्यासाठी जाताय ते सगळं त्या बसच्या वाटेवर आहे.

मी सेंदाईत राहत होते तेव्हा इकडून येणाऱ्या पाहुण्यांना जे सांगायची, तेच तुला सांगते. तिथला निसर्ग पाहणं आणि तिथलं जेवण जेवणं ही दोन वेगळी कामं समजू नकोस. दोन्हीच्या मुळाशी थंडी आहे. हिवाळ्यात सैबेरियातून निघालेलं कोरडं वारं जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतं, मधल्या डोंगररांगेला अडतं आणि पश्चिमेकडच्या उतारावर सगळा बर्फ ओतून मोकळं होतं. आपल्या सह्याद्रीचं पावसाशी जे नातं, तेच त्या रांगेचं बर्फाशी. हाक्कोदा डोंगरातल्या सुकायु या गरम पाण्याच्या ठिकाणी २०१३च्या फेब्रुवारीत ५६६ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. जिथं महिनोन्महिने जमीनच दिसत नाही, तिथल्या माणसांनी उरलेल्या दिवसांत जे हाती लागलं ते खारवलं, आंबवलं, वाळवलं, धुरावर टांगलं. तुझ्या ताटात जे येईल ते त्या साठवणुकीतूनच आलेलं असेल. ते समजून खाल्लंस तर कमी ठिकाणी जाऊनही भरपूर पदरात पडेल.

आता माझा बेत ऐक. पहिली रात्र आओमोरी शहरात, दोन ओइरासे-तोवादाला, दोन अकिताच्या डोंगरात न्यूतो इथं आणि शेवटची यामागातातल्या हागुरो डोंगरावर. परतताना त्सुरुओकाहून निइगाता, तिथून तोक्यो. गोल प्रवास होतो, बहुतेक रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. हायाबुसा आणि कोमाची या दोन्ही शिन्कान्सेन गाड्यांत सगळ्या जागा राखीव असतात आणि पानं रंगायच्या दिवसांत त्या भरभर संपतात, तेव्हा तिकिटं लवकर काढ. ३ नोव्हेंबरला तिकडे सुट्टी असते. त्या गर्दीच्या आत परत या.

आओमोरीत उतरल्यावर फुरुकावाच्या बाजारात जा. तिथं कुपनांचा गठ्ठा घेऊन वाटीभर गरम भात घ्यायचा आणि दुकानादुकानांतून आवडेल तो माशाचा तुकडा भातावर मांडून घ्यायचा. तू मासे खातेस, तेव्हा मुत्सु उपसागरातले होतातेचे शिंपले सोडू नकोस. तुझी आई शाकाहारी, तेव्हा ताईला भात, लोणचं आणि सफरचंद. जपानातली निम्म्याहून अधिक सफरचंदं या एका प्रांतात पिकतात. पुण्या-मुंबईच्या बाजारात आपण जे 'फुजी' सफरचंद घेतो, त्याचा जन्मही इथल्या फुजिसाकी गावातल्या संशोधन केंद्रात झाला आणि १९६२ मध्ये त्याला नाव मिळालं. झाडावर पिकलेलं फुजी नोव्हेंबरच्या सुरुवातीला उतरतं. ते मिळालं नाही तर हट्ट करू नकोस. त्या आठवड्यात जी जात उतरली असेल तीच माग. हा नियम आठवडाभर पाळायचा: काय प्रसिद्ध आहे ते विचारू नये, आज काय आलंय ते विचारावं.

दुसऱ्या दिवशी हाक्कोदा ओलांडून ओइरासेला जाणारी बस धर. ओइरासे म्हणजे तोवादा सरोवरातून निघणारा ओढा. नेनोकुचीपासून याकेयामापर्यंत साधारण चौदा किलोमीटर तो झाडांच्या छायेतून वाहतो. सगळा चालायची गरज नाही. इशिगेदोपासून वर सरोवराच्या दिशेनं चाला, म्हणजे पाणी सामोरं येतं आणि दर वळणावर प्रवाह नव्यानं दिसतो. ताई दमली तर रस्ता शेजारूनच जातो, बस मिळते. प्रवाहातल्या खडकांवर शेवाळं आणि लहान झाडंसुद्धा उगवलेली दिसतील. सरोवरातून पाणी सोडण्यावर दाराचं नियंत्रण आहे, त्यामुळं एकदम पूर येऊन खडक धुऊन निघत नाहीत. तिथं धबधब्यांची नावं टिपत बसू नकोस. एका खडकाशी थांबून नीट बघ.

तोवादाला संध्याकाळी ताटात हिमेमासु नावाचा मासा मीठ लावून भाजलेला येईल. तो खाण्याआधी त्याची हकिकत जाणून घे. हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं सरोवर, आणि ओढ्यावरच्या चोशी धबधब्यामुळं खालचे मासे वर चढू शकत नव्हते. सरोवरात मासाच नव्हता. वाइनाइ सादायुकी नावाच्या माणसानं वर्षानुवर्षं निरनिराळे मासे सोडून पाहिले. अखेर होक्काइदोच्या शिकोत्सु सरोवरातल्या हिमेमासुची पिल्लं त्यानं १९०३ मध्ये सोडली आणि १९०५ मध्ये मोठे झालेले मासे थव्यानं काठाशी परतले.

याची दुसरी बाजू दोनच दिवसांनी बघशील. न्यूतोला जाताना ताझावा सरोवर लागतं. ४२३ मीटर खोल, जपानातलं सर्वांत खोल. तिथं कुनिमासु नावाचा, जगात इतरत्र कुठंही नसलेला मासा होता. १९४० मध्ये वीज आणि शेतीसाठी तामा नदीचं पाणी सरोवरात वळवलं. त्या नदीला वरच्या अंगाला अतिशय आम्ल झरे मिळतात, आणि त्या पाण्यानं कुनिमासु संपला. पुढं २०१० मध्ये फुजी पर्वताजवळच्या साइ सरोवरात तो पुन्हा सापडला. १९३५ मध्ये त्याची अंडी तिकडं पाठवली होती, त्यांचा वंश टिकून राहिला होता. ताझावाच्या निळ्या पाण्यापुढं उभं राहून फोटो जरूर काढ, पण हे ठाऊक असू दे. निसर्ग बघायला निघालेल्या माणसाला त्यात माणसानं काय घातलं आणि काय काढून घेतलं हेही दिसलं पाहिजे.

अकितात तीन गोष्टी खाच. पहिली किरितांपो: भात अर्धवट कुटून सुरूच्या जातीच्या लाकडी काडीवर थापतात, भाजतात आणि कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. तू जाशील तेव्हा नवा तांदूळ आलेला असेल. ताईसाठी तोच प्रकार गोड मिसो लावून, नुसता भाजलेला मिळतो. दुसरी इनानिवा उदोन, हातानं ताणून वाळवलेल्या बारीक शेवया. तिसरी इबुरिगाक्को, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं. मुळा उन्हात वाळायच्या आत बर्फ येतो, म्हणून तो घरातल्या चुलाण्यावर टांगायचा, असा त्याचा उगम. हे लोणचं शेतकरी घरोघरी घालत. कायदा बदलला, आणि २०२४च्या जूनपासून लोणची विकायला परवाना आणि ठरलेल्या धाटणीची जागा लागते. अनेक वयस्कर माणसांनी त्यामुळं हात आवरते घेतले. म्हणून विमानतळावरचं चकचकीत पाकीट घेण्यापेक्षा रस्त्याकडेच्या शेतमाल केंद्रात, करणाऱ्याचं नाव लिहिलेलं लोणचं घे.

न्यूतोतल्या गरम पाण्याच्या स्नानाबद्दल ताई आधीच बिचकली असेल. तिला आग्रह करू नकोस. बऱ्याच ठिकाणी कुटुंबापुरतं न्हाणीघर तासाभरासाठी राखून मिळतं, तेवढं विचारून ठेव. बायकांचा वेगळा विभाग असतोच. सुकायुचं मोठं लाकडी स्नानगृह स्त्री-पुरुषांना सामाईक आहे, पण तिथंही सकाळ-संध्याकाळ बायकांची वेगळी वेळ आहे. नियम थोडेच आहेत: आधी बाहेर बसून साबणानं स्वच्छ व्हायचं, केस वर बांधायचे, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, मोबाइल आत न्यायचा नाही. पहिल्या खेपेला पाच मिनिटांत बाहेर या. पाणी फार कढत असतं आणि ताईला रक्तदाब आहे.

अस्वलांची गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. हिमालयात आढळणाऱ्या काळ्या अस्वलाचाच भाऊबंद तिथं आहे. बीचच्या झाडांना फळ कमी धरलं की ती खाली वस्तीत उतरतात. २०२५च्या शरदात अकितात इतके हल्ले झाले की मदतीला स्वसंरक्षण दलाचे जवान पाठवावे लागले. तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला रानवाटेवर जायचं नाही, पिशवीला घंटा बांधायची, खाणं उघडं ठेवायचं नाही, आणि निघण्यापूर्वी माहिती केंद्रात वाट खुली आहे का ते विचारायचं. त्यांनी नको म्हटलं तर नको.

अकिताहून त्सुरुओकाला 'इनाहो' गाडीनं जा आणि समुद्राच्या बाजूची खिडकी माग. चोकाई डोंगर मागे पडला की शोनाइचं भातशेतीचं मैदान लागतं. १८९३ मध्ये थंडीनं या भागात पीक आडवं झालं होतं. तेव्हा आबे कामेजी या शेतकऱ्याला अशा शेतात तीन ओंब्या ताठ उभ्या दिसल्या. त्यांच्या बियाण्यातून त्यानं 'कामे-नो-ओ' ही जात तयार केली. आज तुम्ही तोक्योत जो कोशिहिकारी तांदूळ शिजवता, आणि अकिताकोमाचीसुद्धा, तिच्याच वंशातले. तिकडचा नुसता पांढरा भात मन लावून खा, एवढंच माझं म्हणणं.

ताईच्या जेवणाचं मात्र तुला आधीपासून बघावं लागेल. तिकडं मांस नको म्हटलं तरी सूप, सोबाची बुडवण, उकडलेली भाजी या सगळ्यांत वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. वाढणाऱ्याला ते मासे वाटतच नाहीत, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून स्पष्ट वाक्य पाठ कर: "निकु मो, साकाना मो, साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन." हे ऐनवेळी सांगू नकोस, खोली राखतानाच लिहून कळव. तिथली खानावळ माणसं मोजून सामान आणते आणि सकाळपासून तयारीला लागते. जेवणाची वेळ दिली असेल तर पाच मिनिटं आधी जागेवर बस. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका आणि एकमेकींच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका. ती तिथल्या अंत्यविधीची रीत आहे. टिप ठेवू नका. मेतकुटाची डबी बरोबर घे, पण ती खोलीतच उघड. गावातल्या लहान दुकानांसाठी रोख येन जवळ ठेव.

ताईसाठी खरी मेजवानी शेवटच्या रात्री आहे. हागुरो हा यामाबुशी तपस्व्यांचा डोंगर. कवी बाशो १६८९ मध्ये इथं येऊन गेला. माथ्यावरच्या साइकान या यात्रेकरूंच्या निवासात शोजिन, म्हणजे शाकाहारी, जेवण मिळतं. त्यात तिळाचा घट्ट गोमादोफू, रानातल्या नेच्यांचे कोंब, बांबूचे कोंब, अळंबी असे पदार्थ असतात. वसंतात खुडून खारवलेल्या, वाळवलेल्या रानभाज्या शरदात भिजवून पुन्हा ताटात येतात. त्सुरुओकाला २०१४ मध्ये युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, तो अशाच गोष्टींमुळं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत २,४४६ दगडी पायऱ्या आहेत. ताईच्या गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत. खालच्या दारापासून सुरूच्या जातीच्या उंच सुगी झाडांमधल्या पाच मजली पॅगोड्यापर्यंत जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढं तिला चालवून आण आणि मग बसनं वर ने. तुला सगळ्या पायऱ्या चढायच्या असतील तर सकाळी एकटी चढ. तोवर ती वर चहा पीत बसेल.

तेव्हा आजच दोन कामं कर. साइकानला पत्र लिहून जागा राख आणि ताईसाठी माशाचं पाणीसुद्धा चालणार नाही हे त्यात नीट लिही. मग ओइरासेची खोली घे. या दोन जागा मिळाल्या की बाकीचा आठवडा त्यांच्याभोवती बसवता येतो. नाही मिळाल्या तर तारखा बदल, बेत बदलू नकोस.

तुझी,
सुमामावशी