नभोवाणीच्या लहरींचा मार्ग : एक निरीक्षणपाठ

‘पुण्याची बातमी तिसगावात कशी येते?’ असा प्रश्न इयत्ता सातवीच्या मुलांस केल्यास ‘हवेतून’ हे उत्तर बहुधा मिळते. फळ्यावर नागमोडी रेघ काढल्याने ते सुधारत नाही. उलट, आवाजच वाऱ्यावर वाहत येतो हा समज दृढ होतो. पाठाचा आरंभ म्हणून हिशेबाने करावा. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. पुणे ते अहिल्यानगर हे अंतर १२० किलोमीटर धरले, तर आवाजास जवळजवळ सहा मिनिटे लागतील. नभोवाणीची लहर प्रकाशाच्या जातीची असून तिचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर आहे. तिला हवेची गरजही नाही. १९६९ साली चंद्रावरून माणसाचे बोलणे पृथ्वीवर आले, ते निर्वात पोकळीतूनच.

यानंतर मध्यम लहरीवर लावलेला ट्रान्झिस्टर प्रथम मातीच्या मडक्यात व नंतर घट्ट झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवावा. मडक्यात आवाज दबतो, पण कार्यक्रम चालू राहतो. डब्यात कार्यक्रमच नाहीसा होऊन खरखर उरते. मडक्याचा प्रयोग गाळू नये. तो गाळल्यास ‘झाकणाने आवाज अडला’ असे एखादा चौकस मुलगा म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्तच असेल.

सर्व लहरी एका मार्गाने जात नाहीत. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब, तर अहिल्यानगरच्या १००.१ मेगाहर्ट्झ एफ.एम.ची अवघी ३ मीटर. ३ लक्ष किलोमीटरांस वारंवारतेने भागून मुलांनी हे आकडे स्वतः काढावेत. लांब लहर जमिनीलगत वळत जाते. आखूड लहर बहुतांशी सरळ रेषेत जाते व डोंगरामागे क्षीण होते. अहिल्यानगर व तिसगाव यांच्यामध्ये करंजीचा घाट आहे. तेव्हा एकच संच गावात व मढीच्या टेकडीवर नेऊन एफ.एम. ऐकवावे आणि फरक टिपावा.

रात्रीचा मार्ग निराळा. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपार संदेश घेतला, तेव्हा पृथ्वीची गोलाई ओलांडून लहर कशी गेली, हे कोडे पडले. पुढील वर्षीच केनेली व हेविसाइड यांनी वरच्या वातावरणात विद्युत्भारित थर असल्याचे सुचविले. हेच आयनांबर. सूर्यप्रकाशात त्याचा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो व त्यावरील थर लहरींना पृथ्वीकडे परतवितो. म्हणूनच दिवसा न लागणारी दूरची केंद्रे रात्री ऐकू येतात.

एक आठवडा दुपारी १२ व रात्री ९ वाजता मध्यम लहरीवर लागलेल्या केंद्रांची नावे मुलांनी वहीत दोन रकान्यांत लिहून आणावीत. केंद्राचे नाव कळले नाही, तर निदान भाषा लिहावी.