वेगवान मोटार : हौस आणि हिशेब

धंद्यात चार पैसे सुटू लागले की वेगवान मोटारीची इच्छा होणे स्वाभाविक आहे. मात्र व्यापाऱ्याने तिचाही हिशेब मालाच्या खरेदीसारखाच मांडावा.

प्रथम ताकद पाहू. साधारण मोटारीला सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेग टिकवण्यास १० ते १५ अश्वशक्ती पुरते. त्याहून जास्त ताकद चढावर आणि पुढचे वाहन ओलांडताना कामी येते. २००५ साली उत्पादनात आलेल्या बुगाटी वेरॉनची ताकद १००१ अश्वशक्ती, वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर. इंजिन व इतर भाग थंड ठेवण्यास तिला दहा रेडिएटर लागले. पूर्ण वेगात तिची १०० लिटरची टाकी सुमारे १२ मिनिटांत रिकामी होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मात्र मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर! म्हणजे विकत घेतलेली बहुतेक ताकद पडून राहते.

दुसरी बाब बांधणीची. वेगात स्थिर राहावी म्हणून अशी मोटार जमिनीलगत ठेवतात व स्प्रिंगा कडक बसवतात. आपल्याकडील गतिरोधकावर तिचा तळ घासतो, खड्ड्यात धक्के बसतात. पकड देणारे मऊ रबराचे टायर लवकर झिजतात. शर्यतीचे ब्रेक पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. अशा बऱ्याच इंजिनांना जास्त ऑक्टेनचे, महाग पेट्रोल लागते.

तरीही सर्वच वेगवान मोटारी रोजच्या वापरास निरुपयोगी नसतात. १९६४ पासून बनत असलेल्या पोर्शे ९११ मध्ये मागे दोन लहान आसने व पुढे सामानाची जागा असते. रोजच्या वापराचा विचार मुळातच केल्याने ती कामावर जाण्यासही चालते.

खरा धोका जुन्या गाडीच्या सौद्यात आहे. वापरलेल्या महागड्या मोटारीची किंमत झपाट्याने उतरते. सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गाडी निम्म्या दरात मिळाली तरी ब्रेक, टायर व क्लच नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात.

म्हणून सौद्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढा : टायरच्या संचाची किंमत, वर्षाचा विमा, जवळच्या जाणकार मेकॅनिकचे अंतर आणि घरासमोरील गतिरोधकाची उंची. ही बेरीज धंद्याच्या भांडवलाला हात न लावता भागत असेल, तरच बयाणा द्यावा.