कॉफीच्या दलालाच्या तोंडून सांगितलेली तक्रार

आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. त्यांतल्या एकीत माझ्या चुलत आजोबांनी १९८७ साली स्वखर्चाने छापलेल्या विनोदी कादंबरीच्या न खपलेल्या प्रती आहेत आणि दुसरीत ती कादंबरी ज्यावरून लिहिली ती कागदपत्रे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. कारखान्याचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा घ्यायची आणि दोहोंतला फरक शेतकऱ्याच्या नावे मांडायचा, एवढेच ते काम. तो फरक पावतीवर कमी कसा होतो हे अण्णांनी पाहिले, वर लिहून कळवले आणि महिन्याभरात त्यांची बदली भांडार विभागात झाली. पुढे त्यांनी नोकरी सोडली.

गेल्या वर्षी आमच्या सरांनी वर्गात ‘माक्स हावेलार’ या डच कादंबरीचा उल्लेख केला, तेव्हा मला प्रथम अण्णांची पेटी आठवली. मी ती कादंबरी इंग्रजी भाषांतरात वाचली. तिच्याविषयी इथे लिहीत आहे खरे, पण मनात सारखी तुलना चालू आहे हे वाचकांपासून लपवत नाही.

एडुआर्ड डाउवेस डेकर हा आम्स्टरडॅमच्या एका जहाजाच्या कप्तानाचा मुलगा. जन्म १८२० चा. विशीच्या आत तो जावा बेटावर डच सरकारच्या नोकरीत गेला. जानेवारी १८५६ मध्ये पश्चिम जावातील लेबाक या गरीब जिल्ह्यात साहाय्यक रेसिडेंट म्हणून त्याची नेमणूक झाली. डच राज्यपद्धती अशी होती की रयतेवर प्रत्यक्ष हुकमत स्थानिक सरदाराची, म्हणजे रेजंटची. त्याच्या शेजारी डच अधिकारी बसवलेला. रेजंटने रयतेला नाडू नये म्हणून तिचे रक्षण करण्याची शपथ या अधिकाऱ्याने घेतलेली असे. लेबाकचा म्हातारा रेजंट लोकांकडून फुकट काम करून घेत होता आणि त्यांच्या म्हशी मोबदला न देता ओढून नेत होता. शेजारच्या प्रांतातला त्याचा नातलग रेजंट लवाजम्यासह भेटीस यायचा होता, त्यामुळे या वसुलीला आणखी जोर चढला. डेकरने २४ फेब्रुवारीला वरिष्ठाकडे लेखी आरोप केला. वरिष्ठाने तो मागे घेण्याचा सल्ला दिला. मग डेकरने थेट गव्हर्नर-जनरलकडे धाव घेतली. उत्तर आले ते नापसंतीचे आणि बदलीचे. त्याने राजीनामा दिला. रुजू होण्यापासून राजीनाम्यापर्यंत सारा प्रकार तीन महिन्यांत आटोपला.

त्यानंतरची साडेतीन वर्षे कर्जात आणि भटकण्यात गेली. १८५९ च्या शरद ऋतूत ब्रसेल्सच्या एका साध्या खाणावळीतील थंड खोलीत बसून त्याने सुमारे महिनाभरात ही कादंबरी लिहून काढली. टोपणनाव घेतले मुल्ताटुली. या लॅटिन शब्दांचा अर्थ, मी पुष्कळ सोसले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. अन्याय सोसलेला माणूस लिहायला बसला की निवेदक स्वतःच होतो. डेकरने तसे केले नाही. त्याने कथा सांगायला बसवला बाटावुस द्रोखस्टोप्पेल नावाचा कॉफीचा दलाल. या आडनावाचा अर्थच मुळी वाळलेले धसकट. आम्स्टरडॅममधील आपला पत्ता तो पहिल्याच पानावर मोठ्या अभिमानाने देतो. कविता, नाटके, कादंबऱ्या यांचा त्याला तिटकारा. त्या खोटे सांगतात हे त्याचे म्हणणे. नाटकात सद्गुणाला बक्षीस मिळते, हेही त्याच्या मते खोटेच. पुरावा म्हणून तो आपल्याच गोदामातला म्हातारा नोकर दाखवतो: बिचारा जन्मभर इमानाने राबला, आता थकला आहे आणि त्याला काही म्हणता काही मिळालेले नाही! हे सांगताना आपण स्वतःविरुद्ध साक्ष देत आहोत याचा पत्ता त्या गृहस्थाला नाही. सगळ्या पुस्तकाचे इंगित मला या एका जागी सापडले.

या दलालाला एक जुना वर्गमित्र भेटतो. हिवाळ्यात अंगात कोट नाही, नुसती शाल. तो आपल्या लिखाणाचे गाठोडे दलालाकडे पाठवतो. त्यात कॉफीविषयी काही उपयुक्त मजकूर दिसतो म्हणून दलाल कॉफीच्या लिलावांवर पुस्तक करायचे ठरवतो आणि लिहिण्याचे काम श्टर्न नावाच्या जर्मन तरुणाला देतो. श्टर्न लिहितो ती मात्र लेबाकमधल्या हावेलारची, म्हणजे डेकरचीच कहाणी. मधूनमधून दलाल घुसतो, कुरकुरतो, कॉफीचे काय झाले म्हणून विचारतो. हा विनोद चालू असतानाच खरी सरकारी पत्रे तारखांसह पुस्तकात येतात. कोणत्या गावातून किती म्हशी नेल्या याची यादी येते. सैजा आणि अदिंदा यांची गोष्टही येते. सैजाच्या बापाची एकामागून एक म्हैस जाते. वाघापासून ज्या म्हशीने सैजाला वाचवले तीही जाते. शेवटी मुलगा बटाव्हियाला चाकरी करायला निघतो. परत येतो तेव्हा अदिंदाचे कुटुंब गाव सोडून गेलेले असते. ही गोष्ट कल्पित आहे असे लेखक मागाहून मोकळेपणाने कबूल करतो. सैजा नसेल, पण म्हशी नेल्या जात होत्या, हे त्याचे म्हणणे. अखेरीस मुल्ताटुली स्वतः लेखणी हाती घेऊन श्टर्नला रजा देतो, दलालाला कॉफीत गुदमरवतो आणि सरळ राजाला जाब विचारतो.

अण्णांच्या कादंबरीत निवेदक आहे प्रामाणिक कारकून. तो प्रत्येक पानावर प्रामाणिक आहे. चेअरमन ढेरपोटे, संचालक लाळघोटे, शेतकरी भोळे. पहिली चाळीस पाने मी हसलो. पुढे, अण्णांची क्षमा मागून सांगतो, कंटाळलो. हीच कथा त्या चेअरमनच्या तोंडून आली असती तर! गावासाठी आपण काय काय केले हे त्याने अभिमानाने सांगावे आणि काट्याचा उल्लेख ओघात यावा.

पुस्तक लिहून झाल्यावर डेकरने जे केले ते वाचून मला धक्का बसला. पुस्तक छापू नये यासाठी त्याने सरकारपुढे अटी ठेवायची तयारी दाखवली: जावात रेसिडेंटची जागा, मानाचा किताब, आगाऊ रक्कम. वसाहतमंत्र्याने वेस्ट इंडीजमधील जागा सुचवली, ती याने नाकारली. म्हणजे ज्या पुस्तकाने हॉलंडला लाज आणली ते एका चांगल्या बदलीवारी कदाचित पेटीतच राहिले असते. यावरून कोणी त्याला ढोंगी म्हणेल. मी म्हणत नाही. घरी बायकोमुले होती, डोक्यावर कर्ज होते आणि आपली बाजू सरकारने मान्य करावी हीच त्याची मूळ मागणी होती.

हस्तलिखित याकोब व्हान लेनेप या नामांकित लेखकाच्या हाती गेले. हे गृहस्थ वकील आणि राजकारणाने सनातनी. त्यांना पुस्तक मनापासून आवडले आणि त्यांनी डेकरला पैसेही दिले. पण जानेवारी १८६० मध्ये पाचशे गिल्डरांच्या मोबदल्यात पुस्तकाचे हक्क आपल्या नावे लिहून घेतले. मे महिन्यात पुस्तक निघाले ते दोन खंडांत, चार गिल्डर किमतीला. गावांच्या नावांच्या जागी टिंबे होती आणि तारखा गाळल्या होत्या. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ते गाजले. ज्यांना स्वस्त प्रत हवी होती त्यांना ती मिळाली नाही. डेकरने दावा लावला आणि हरला. स्वतःच्या हाताने सुधारलेली आवृत्ती काढायला त्याला १८७५ साल उजाडले.

ज्या लेखनाची सगळी ताकद ‘अमुक दिवशी, अमुक गावी’ यात होती त्यातला दिवस आणि गावच काढले, तेही एका चाहत्याने! आपल्याकडेही महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये त्यांच्याच चळवळीच्या ‘दीनबंधु’ पत्राने दोन प्रकरणे छापून थांबवला होता. वैऱ्याची कात्री निदान ओळखता तरी येते.

डेकरचे सगळेच बरोबर होते असेही मी मानत नाही. जिल्ह्यात येऊन महिना झाला असताना त्याने आरोप केला आणि पुरावा वरिष्ठाच्या हाती द्यायला नकार दिला. पुढे चौकशी झाली तेव्हा गैरप्रकार खरे ठरले, काही खालचे अधिकारी बडतर्फ झाले, रेजंटला समज मिळाली. शिवाय डच राज्यच मुळात जावात का असावे, हा प्रश्न त्याने विचारला नाही. आपण घेतलेली शपथ पाळा, एवढेच तो म्हणाला. रेजंटला दोषी धरणे सोपे होते. १८३० पासून जावाच्या रयतेकडून निर्यातीची पिके सक्तीने काढून घेणारे सरकार त्याच्या वर बसलेले होते. तरीही रंकासबितुंग या लेबाकच्या मुख्य गावी २०१८ साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले, ही गोष्ट बोलकी आहे.

अण्णांना कोणी व्हान लेनेप भेटला नाही. पुण्यातल्या एका प्रकाशकाने नावे बदलून आणा म्हणून सांगितले. अण्णांनी ती बदलली, तरी त्याने छापले नाही. मग फंडाचे पैसे घालून तालुक्याच्या छापखान्यात पाचशे प्रती काढल्या. खिळे जुळवणारा मुलगा हसत हसत जुळवायचा, हे अण्णा अजून कौतुकाने सांगतात. विक्रीसाठी ते पिशवीत प्रती भरून एस.टी.ने हिंडले. दुकानदार चाळीस टक्के मागत आणि पुस्तक मागच्या फळीवर ठेवत. एकदा एका दुकानातून वीस प्रती एकदम खपल्या. अण्णांनी घरी पेढे आणले. त्या वीस प्रती कारखान्याच्या अतिथिगृहात बंबात गेल्या, हे महिन्याने कळले.

आता अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पुस्तक पुन्हा छापावे आणि या वेळी खरी नावे घालावीत असे त्यांना वाटते. काम मी करावे असेही. मी एका वकिलांना विचारले. त्यांनी सांगितले की गोष्ट खरी असणे पुरेसे नाही. ती प्रसिद्ध होणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते आणि ते दाखवण्याची जबाबदारी आपली. जुन्या दंडविधानाच्या ४९९ कलमात हे होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही आहे. त्यातली निम्मी माणसे हयात नाहीत, त्यांची मुले आमच्या गावात आहेत, एक तर माझ्याच वर्गात होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसरी पेटी उघडली. अर्ज, पोचपावत्या, बदलीचा हुकूम, सगळे तारखेवार लावलेले. तळाशी एकाच गाडीच्या एकाच दिवसाच्या दोन वजनपावत्या टाचणीने जोडलेल्या होत्या आणि दोन्हींवर वजन वेगळे. अण्णांना विचारले, “या पुस्तकात का घातल्या नाहीत?” ते म्हणाले, “विनोदी कादंबरीत पावत्या कुठे घालायच्या?” मी त्यांच्यापुढे ‘माक्स हावेलार’मधले म्हशींच्या यादीचे पान उघडून ठेवले. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही, पण गावांची नावे आणि आकडे ते बोट ठेवून बराच वेळ वाचत होते.