अभ्यास एकट्याचा, उजळणी चौघांची



दहावीचे वर्ष लागले की आमच्या हिंगणीत घरोघरी एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "मित्राकडे अभ्यासाला जातो." आई विचारते, "अभ्यासाला की गप्पांना?" दोघांचेही खरे असते. म्हणून गटाने अभ्यास केल्याने खरोखर फायदा होतो काय, याचा थोडा विचार करू.

प्रथम आमचीच चूक सांगतो. दहावीला आम्ही चौघे एका खोलीत बसत असू. बीजगणिताचे उदाहरण आम्ही सोडवायचे आणि बाकीच्यांनी वहीत उतरवून घ्यायचे, असा शिरस्ता होता. "समजलं ना?" म्हटले की एक मित्र मान हलवायचा. निकाल लागला, आम्ही पास झालो, तो गणितात नापास. पुन्हा तो शाळेत आलाच नाही, मजुरीला लागला. आपण त्याला मदत करतो असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात पक्का होत होता तो आमचाच अभ्यास. समजावून सांगणारा शिकतो, नुसता ऐकणारा मागे राहतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी असाच प्रश्न हाताळला. तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थी गणितात फार नापास होत. ते ना आळशी होते, ना मंद; पण बहुतेक जण एकटेच अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने गणिते सोडवीत, मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. ट्राइसमन यांनी कठीण गणिते देऊन विद्यार्थ्यांचे गट बसविले आणि निकाल पुष्कळ सुधारले. ती मुले महाविद्यालयातील होती, तरी बोध शाळेलाही लागू आहे. रॉबर्ट स्लाविन या शिक्षणतज्ज्ञानेही हेच सांगितले की, गटातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे काय आले हे तपासले जाते, तेव्हाच गटाचा लाभ होतो.

काही पालक म्हणतात, बाबासाहेब तर परळच्या चाळीतील एका खोलीत, पहाटे दोनला उठून एकटेच वाचत. खरे आहे. पण त्यांना उठविणारे वडील रामजी होते, पुस्तके देणारे केळुसकर गुरुजी होते, आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर नवल भथेनांसारखा जन्माचा मित्र भेटला. वाचन एकट्याचे, पाठबळ अनेकांचे. म्हणूनच १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांकडे लक्ष दिले. मुलांना एकत्र राहून शिकता यावे, हाच त्यामागचा हेतू.

तेव्हा गट करायचा असेल तर पुढील पथ्ये पाळावीत.

१. गट तीन-चार जणांचाच असावा. धडा प्रत्येकाने घरून वाचून यावा.
२. पुस्तक मिटून एकमेकांना प्रश्न विचारावेत. आठवून सांगितलेले लक्षात राहते.
३. जो कच्चा, त्याने फळ्यावर सोडवावे. हुशाराने गप्प बसून पाहावे.
४. उठण्यापूर्वी प्रत्येकाने एक उदाहरण न विचारता, न पाहता सोडवावे.
५. मोबाईल एका पिशवीत ठेवावेत. तास-दीड तास पुरे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलींचे गट दिवसाउजेडी बसावेत अशी सोय करावी, म्हणजे "रात्री कशी पाठवू?" म्हणून त्यांचा अभ्यास बुडणार नाही. बोरच्या जंगलाकडील वस्त्यांतून येणाऱ्या मुलांनाही तीच वेळ सोयीची. समाजाची खोली सायंकाळी रिकामी असते. ती उघडून द्यायला एखादा सभासद पुरेसा आहे.

आणि मित्रहो, तुमच्या गटात नुसती मान हलविणारा कोणी असेल तर त्याच्या हाती खडू द्या. आम्ही तो दिला नव्हता.