बारीक रेघ जपायची कशी

पोरी, शहापुरात फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान टाकते आहेस, तर जाड-बारीक अक्षराबद्दल माझं थोडं ऐकून ठेव. इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ सालचा 'रोझा वन' हा फॉन्ट तुला फुकट मिळेल. जाड रेघ काळीभोर, जोडरेघ केसासारखी. स्क्रीनवर तो इतका देखणा दिसतो की सगळा मजकूर त्यातच लावावासा वाटतो. तसं करू नकोस. हे अक्षर मथळ्याचं आहे, दुकानाच्या नावाचं आहे. पत्ता, फोन नंबर, मुहूर्ताची वेळ 'मुक्ता'सारख्या एकसमान जाडीच्या फॉन्टात लाव.

आसनगावजवळ हायवेवरून जाणारा माणूस बोर्डाकडे दोन-तीन सेकंद बघतो. लांबून पहिल्यांदा मरते ती बारीक रेघ. 'प्रसाद'मधली तिरकी रेघ गेली की 'पसाद' उरतो. एक इंच अक्षराला दहा फूट अंतर, हा बोर्डवाल्यांचा जुना हिशेब. जाड-बारीक अक्षराला मी पाचच फूट धरतो. नमुना काढ, समोरच्या भिंतीला लाव, रस्ता ओलांडून डोळे किलकिले करून बघ. दिसलं नाही तर फॉन्ट बदल. अक्षर आडवं ताणू नकोस, उभे दांडे फुगतात आणि आडव्या रेघा होत्या तेवढ्याच राहतात. बाहेरून आउटलाइन चढवलीस तर ध, घ, ष यांची पोटं बुजतात. काळ्यावर पांढरं अक्षर तर फारच जपून. शाई पसरली की पहिल्यांदा बारीक रेघच गिळली जाते. आणि अक्षरांमधली जागा वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते.

फॉन्ट घेताना आधी आपल्या गावांची नावं टाइप कर: किन्हवली, डोळखांब, म्हसा, वैशाखरे. मग 'वैशाखऱ्याचा' लिहून बघ. ऱ्य नीट आला का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हे तिथेच कळतं. हिंदी वळणाचे आले तर भाषा मराठी निवडून बघ, काही फॉन्टांत वळण बदलतं.

बारीक रेघेला कागदही तसा लागतो. अठराव्या शतकात मुद्रक बास्करव्हिलने छापलेला कागद तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून गुळगुळीत केला. पुढे दिदो आणि बोदोनी या अक्षरकारांनी रेघ आणखी बारीक नेली. आपल्याकडे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरूंनी अक्षरं कोरली. त्यांच्या टाइपात बारीक रेघेलाही अंग आहे, म्हणून संस्कृतची पानंच्या पानं वाचता येतात. मिळेल तिथे ती पुस्तकं भिंग लावून बघ. आणि वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलीस तर लेण्यातली ब्राह्मी बघ, दोन हजार वर्षांची. तिथे जाड-बारीक हा प्रकारच नाही.

म्हसा यात्रेचे बॅनर धुळीत उभे राहतात, तिथे 'रोझा' नकोच. लग्नपत्रिकेत मात्र वधूवरांच्या नावांना घे, चांगल्या आर्टपेपरवर, भोवती भरपूर मोकळी जागा सोडून. गिऱ्हाईक म्हणेल, रिकामं वाटतं, गणपती टाका. गणपती वर टाक, नावांना चिकटवू नकोस.