धसक्याची तपासणी: फुकट काय, पैसे कशाचे?

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक माहीमला. अशा प्रसंगातून वाचलेल्या काहींचा पाय पुढे कित्येक महिने गाडीकडे वळत नाही, आवाज झाला की ते दचकतात, झोपेतही तेच दिसते. हा आघातोत्तर तणावाचा आजार आहे का, याचा पहिला अंदाज प्रश्नावलीतून येतो.

प्रश्नावली: ₹0. पीसीएल-5 ही प्रश्नावली मोफत मिळते. 20 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4 गुण, वेळ पाच-दहा मिनिटे. बेरीज साधारण 31-33 किंवा जास्त झाली, तर डॉक्टरांना दाखवावे. टीएसक्यू या दुसऱ्या प्रश्नावलीचे 10 प्रश्न ब्रिटनमध्ये रेल्वे अपघातातून वाचलेल्यांवर पारखले गेले. त्यात सहा 'हो' आले की पुढची तपासणी. घटनेला महिना होण्याआधी या आजाराचे निदान होत नाही, म्हणून घाईने फॉर्म भरू नका.

गुण म्हणजे निदान नव्हे. समजा, 100 जणांत 10 आजारी आहेत आणि प्रश्नावली दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे. ती 9 आजारी बरोबर शोधेल. पण 90 निरोग्यांपैकी 9 जणांनाही आजारी ठरवेल. म्हणून नुसत्या गुणांच्या 'रिपोर्ट'साठी पैसे देऊ नका. मराठी फॉर्म दिला, तर तो मराठी रुग्णांच्या मुलाखतींशी ताडून पाहिला आहे का आणि किती गुणांची मर्यादा धरली आहे, हे जरूर विचारा.

मुलाखत: खरा खर्च इथे. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सविस्तर मुलाखतीला पाऊण ते एक तास लागतो. माहीमकरांना शीवचे लोकमान्य टिळक आणि परळचे केईएम ही पालिकेची रुग्णालये जवळची. तिथे ओपीडीत केस पेपरचे नाममात्र शुल्क पडते. खासगीत पहिल्या आणि पुढच्या भेटीची फी आधीच फोनवर विचारा.

उपचार. आघातावरच्या समुपदेशनाची साधारण 8 ते 12 सत्रे होतात. सत्राला ₹1,000 धरले, तर ₹8,000 ते ₹12,000, औषधे वेगळी.

विमा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच विमा संरक्षण द्यावे लागते. ओपीडीचा खर्च मात्र अनेक पॉलिसींत नसतो, कागद वाचा.

पैशांची अडचण असेल, तरी थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आधी तिथे फोन करा.