आपल्या संकेतस्थळावर कोणाची जाहिरात?

गेल्या पावसाळ्यात धाटावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या कोलाडच्या चिकित्सालयात आले. मधुमेहाचे जुने रुग्ण; पथ्य सांभाळणारे, गोळ्या नियमित घेणारे. त्या दिवशी मात्र उपाशीपोटी साखर २८० च्या वर होती. चौकशी केली तेव्हा पिशवीतून चूर्णाचा एक डबा निघाला. गोळ्या तीन आठवड्यांपासून बंद होत्या. “डॉक्टर, तुमच्याच पानावर होतं, म्हणून मागवलं,” असे ते म्हणाले.

माझ्या संकेतस्थळावर प्रमेहाच्या निदान-चिकित्सेविषयी एक लेख आहे. वार्षिक खर्च भागावा म्हणून तेथे गुगलच्या ॲडसेन्स योजनेतील जाहिरातींना जागा दिली होती. त्या जागेत ‘मधुमेह मुळापासून घालवा’ अशी एका विक्रेत्याची जाहिरात येत होती, आणि ती मी एकदाही पाहिली नव्हती. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू-भगिनींची व फार्मसीचालकांची स्थिती अशीच असण्याचा संभव असल्याने हा विषय येथे मांडीत आहे.

प्रथम हे घडते कसे ते पाहू. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या आपल्या दुकानाची भिंत रात्रीतून कोणी रंगविली, तर सकाळी शटर उघडताना ते दिसते. संकेतस्थळाची भिंत निराळी. पान उघडताक्षणी त्या जागेचा यांत्रिक लिलाव होतो. पानावरील मजकूर कोणत्या विषयाचा, वाचक कोठला, त्याने पूर्वी काय शोधले, यावरून जाहिरात निवडली जाते. म्हणून एकाच पानावर वैद्याला मोटारीची जाहिरात दिसेल आणि रुग्णाला चूर्णाची. शिवाय आपण व्याधीविषयी जितके नेमके व सविस्तर लिहू, तितकी त्या व्याधीवर ‘रामबाण’ विकणाऱ्यांना ती जागा अधिक सोयीची. आपला अभ्यासच त्यांना बोलावून आणतो.

आता कायदा. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आपण सर्वांनी ऐकलेला आहे, वाचलेला क्वचित. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, रक्तदाब, पक्षाघात, अपस्मार, मोतीबिंदू, स्थूलता, संधिवात, श्वित्र अशी ५४ व्याधींची नावे आहेत. त्यांचे निदान, उपचार वा प्रतिबंध यांसाठी औषधाची जाहिरात करण्यास कलम ३ मनाई करते. दावा खरा की खोटा हा प्रश्न ते कलम विचारतच नाही. खोट्या दाव्यांसाठी कलम ४ वेगळे आहे. जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. १९५४ साली संगणकाचा पडदा कोणाच्या मनात नसावा, पण प्रकाशात तोही बसतो. मनाई केवळ विक्रेत्याला नसून प्रसिद्धीत ‘कोणताही भाग घेणाऱ्या’ प्रत्येकाला आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. कलम १४ नोंदणीकृत वैद्याला आपल्या आवारात पाटी लावण्याची सूट देते. परंतु संकेतस्थळ म्हणजे आवार असे कोणी गृहीत धरू नये.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चे कलम २१ दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यासही दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. ‘व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात प्रसिद्ध केली’ असा बचाव तेथे उपलब्ध आहे, मात्र ती जाहिरात मागे घेण्याचा आदेश आधीच ठाऊक असल्यास तो चालत नाही.

फार्मसीचालकांमध्ये एक गैरसमज आढळतो. जाहिरातीपूर्वी परवाना प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावयास लावणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाल्यावर ती स्थगितीही संपली. म्हणून ‘आता मोकळीक आहे’ असे काहीजण म्हणतात. पूर्वमान्यतेची अट गेली. १९५४ चा अधिनियम होता तेथेच आहे.

उपाय बहुतांशी आपल्या हाती आहेत. ॲडसेन्सच्या खात्यात जाहिराती रोखण्याचा विभाग असतो. त्याचे नाव व जागा अधूनमधून बदलते, शोधावी लागते. तेथील संवेदनशील वर्गांपैकी औषधे व पूरक आहार, वजन घटविणे, लैंगिक व प्रजनन आरोग्य, सौंदर्यशस्त्रक्रिया, ज्योतिष व गूढविद्या आणि झटपट श्रीमंती हे वर्ग बंद करावेत. हे काम जाहिरातीची संकेतावली पानावर बसविण्याच्या आधी करावयाचे. मी उलट केले. बदल लागू होण्यास सुमारे एक दिवस लागतो. उत्पन्न काहीसे घटते, कारण लिलावातील बोली लावणारे कमी होतात, ते सोसावे.

एवढ्याने भागत नाही. वर्गवारी यंत्र करते आणि ते चुकते. विशेषतः चित्रात मराठी अक्षरे असतील तर चूर्ण खाद्यपदार्थ म्हणूनही आत शिरू शकते. त्यासाठी जाहिराती तपासण्याचे स्वतंत्र दालन आहे. तेथे आपल्या स्थळावर दिसलेल्या जाहिराती पाहून एकेक रोखता येते. विक्रेत्याचा पत्ता देऊनही त्याला बंद करता येते, पण तोच नव्या पत्त्याने परतू शकतो, म्हणून वर्ग बंद करणे अधिक उपयुक्त. खात्री करण्यासाठी आपल्याच पानावरील जाहिरातीवर टिचकी मात्र मारू नये. नियमांनुसार ते निषिद्ध असून खाते बंद होऊ शकते.

जे फार्मसीचालक स्वतः जाहिरात देतात त्यांनीही आपली जाहिरात कोणत्या स्थळांवर जाऊ नये याची यादी भरावी. आपला च्यवनप्राश एखाद्या ‘गुप्तरोग’वाल्या बाबाच्या पानावर दिसणे कोणाला रुचेल?

मी व्याधीविषयक सर्व पानांवरून जाहिराती काढल्या. वनस्पतींची ओळख व ऋतुचर्या यांच्या पानांवर ठेवल्या आहेत, आणि दर सोमवारी ते दालन तपासतो. त्या गृहस्थांच्या गोळ्या त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाल्या. चूर्णाचा डबा व जाहिरातीचे छायाचित्र यांसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार अर्ज दिला आहे. जाहिरात माझ्याच पानावर होती, हेही अर्जात लिहावे लागले.